चुलीजवळचा चकोर

फार वर्षांपूर्वी एका सकाळी भिक्षूंचे गुरू शास्ता यांच्या कानी दगडावर भात पडल्याचा आवाज आला. उत्तिय नावाचा भिक्षू आजही भिक्षापात्र पालथे करीत होता. लोकांच्या अन्नात काहीतरी घातलेले असते, असे त्याला वाटे. त्याची हाडे दिसू लागली होती. शास्त्यांनी त्याला जवळ बसवले आणि ही गोष्ट सांगितली.

पूर्वी कुंभवती नगरात सुतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. राजाला विषाचे भय होते. विष दिसले की चकोराचे डोळे लाल होतात, असे तिथले लोक मानीत. म्हणून राजाचे ताट आधी चकोरापुढे धरीत. पुढे राजाला त्या पाखराचाही भरवसा वाटेना. कोणी त्याला फितवील म्हणून त्याने पिंजरा चुलीजवळ टांगला आणि स्वतः तिथे राखणीला बसला. त्या दिवसापासून चकोराचे डोळे लालच दिसू लागले. राजाचेही लाल झाले होते, पण ते त्याला कोण सांगणार? ताटामागून ताट उकिरड्यावर गेले. चौथ्या दिवशी राजाने भंडुक आचाऱ्याला सुळावर देण्याची आज्ञा केली.

भंडुक म्हणाला, "महाराज, वीस वर्षं माझ्या हातचं जेवलात."

"म्हणूनच. माझी आवड तुलाच ठाऊक."

बोधिसत्त्वांनी त्याच ताटातला भात खाल्ला.

राजा म्हणाला, "सावकाश भिनणारं विष असेल. तुम्ही दोघं एक असाल."

"असू. मग वाट बघा. तोवर पिंजरा झाडाखाली ठेवू आणि तळ्यापर्यंत चालून येऊ."

तळ्याकाठी एक हरिणी चरत होती. मऊ मातीत वाघाची पावले उमटली होती.

"हिला भय नाही?" राजाने विचारले.

"तुमच्याहून जास्त आहे."

"मग चरते कशी?"

"बघा जरा."

हरिणीने मान वर केली, कान फिरवले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग मान खाली घालून चरू लागली.

बोधिसत्त्व म्हणाले, "नुसता कानोसाच घेत राहिली, तर वाघाला धावायचे कष्टही पडणार नाहीत. ती स्वतःच पडेल."

उत्तर राजाच्या पोटाने दिले.

दुपार कलली. अमात्य धडधाकट होते. झाडाखाली चकोराचे डोळे निवळले होते. राजाने आधी त्याच्याकडे, मग चुलीच्या धुराकडे पाहिले. त्याने भंडुकाचे हात सोडवले आणि पेज मागितली. पहिल्या घोटाआधी त्याने आचाऱ्याचा चेहरा निरखला. मग मान खाली घालून तो प्याला.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे तू, उत्तिय. भंडुक म्हणजे तुला रोज भात वाढणारा पूर्णक उपासक. अमात्य मीच होतो. आपल्या देहालाही भूक लागते, त्याच्यावर दया करावी. हीही करुणाच आहे."

उत्तियाने वंदन केले आणि भिक्षापात्र उचलून तो गावाच्या वाटेने निघून गेला.