मुखपृष्ठावरची ओटी

"पण बाबा, तुम्ही तिला शिकवलंत तरी काय?"

शलाकानं हे तिसऱ्यांदा विचारलं. भिवाबाबा सूप विणत होते, ते विणतच राहिले.

शलाकाला राग आला, आणि का येऊ नये? बाई डॉक्टरेट झालेली, आजीवर तीनशे पानांचं पुस्तक लिहून मोकळी झालेली. आणि आजी तरी कोण, तर कुमुदताई! सासरी छळलेल्या, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी चाळीस वर्षं आश्रम चालवला त्यांनी. त्या कुमुदताई दर वर्षी या बुरुडाच्या झोपडीत येऊन अर्धा दिवस बसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ते माझे गुरू." यापुढे अक्षर नाही.

पुस्तक उद्या छापखान्यात जायचं होतं, आणि गुरूंच्या प्रकरणाची पानं कोरी.

"लिहायला-वाचायला शिकवलंत?"

"मला कुठं येतंय?"

"मग भजन? नामस्मरण? काहीतरी असेलच ना!"

"न्हाई."

...

आता काय डोकं फोडायचं? शेवटी तिनं पिशवीतून मुखपृष्ठ काढलं. म्हटलं, फोटो पाहून तरी म्हातारा तोंड उघडेल.

"हे बघा. आश्रमाच्या पहिल्या वर्षीचा फोटो. आजी एका मुलीची ओटी भरतेय. जन्मभर आजीच्या खाटेसमोर हाच होता, तिचा सगळ्यांत लाडका. खाली मी लिहिलंय, 'वाचलेली पहिली लेक'."

बाबांचे हात थांबले.

त्यांनी कागद घेतला, मांडीवर सरळ केला. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग अंगठा उचलला आणि कुमुदताईंच्या चेहऱ्यावर ठेवला.

"आता बघ."

शलाका वाकली. आता ती मुलगीच तेवढी दिसत होती. असेल सोळा-सतरा वर्षांची. पदर डाव्या गालावरून पुढं ओढलेला, आणि पदराखालचा डोळा सुजून मिटलेला. शलाका इतके दिवस त्याला सावली समजत होती. सहा महिने हा फोटो तिच्या टेबलावर पडून होता!

"अगं बाई..."

"माजी लेक," बाबा म्हणाले. "मार खाऊन पळाली, ती तुज्या आजीकडं गेली. आजीनं समजूत काढली. म्हणाली, संसारात चालायचंच, जा, नांद सुखानं. खण-नारळानं ओटी भरली आन् सासरी धाडली. चौथ्या दिशी हिरीतनं काढली तिला. नारळ बी फोडला नव्हता."

शलाकानं पुन्हा फोटोकडं पाहिलं. तिची आजी? बायकांना न्यायला आलेल्या नवऱ्यांना दारातून हुसकावणारी आजी? खोटं बोलतोय म्हातारा, असं एकदा मनात येऊन गेलं. पण असलं खोटं बोलून त्याला मिळणार काय होतं?

"आणि तरी तुम्ही तिला... घरात घेतलंत?"

"दारात आली, पाया पडली, रडाया लागली. थांबंचना. म्या म्हणलं, ताई, हितं रडू नगा. तुमी रडलासा की लोकं तुमचीच कीव करत्यात, आन् माजी पोर मागं ऱ्हाती."

"मग?"

"उठली आन् गेली. फुडल्या वर्षी पुन्हा आली, पर रडली न्हाई. तवापासनं मला गुरू म्हणाया लागली. म्या काय शिकवलं, ते मला बी ठावं न्हाई."

...

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते घाईघाईनं पुसलं. आता रडायचीसुद्धा चोरी झाली होती. तीनशे पानं डोळ्यांपुढं फिरू लागली. हे लिहिलं तर आजीला लोक काय म्हणतील? आणि दडवलं तर ही मुलगी 'वाचलेली लेक' म्हणून घरोघरी जाणार. मेलेली पोर, वाचली म्हणून!

"मी काय करू, बाबा? फोटो काढून टाकू? की सगळं खरं लिहून टाकू? आजीनं एवढं केलं, त्या सगळ्यावर पाणी पडेल हो! आजीला हे चाललं असतं का? तुम्हीच सांगा, आजी काय म्हणाली असती?"

बाबांनी कागद तिच्या हातात दिला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मघापासनं आजी-आजी करतीस, पोरी. माज्या लेकीचं नाव न्हाई इचारलंस."