साहेबांची राजधानी

दर शुक्रवारी जेवणानंतर खानविलकर साहेब केबिनमध्ये अंतराळयुद्धाचा पट मांडत आणि सगळ्या स्टाफला हरवत. साहेबांना हरवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून ते आपल्या राजधानीवर पहारासुद्धा ठेवत नसत.

त्या दिवशी सुनेत्राचे ग्रह गिळत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तीन वर्षांत एक डाव जिंकला नाहीत, मॅडम. तुम्हाला प्रमोशन कसलं द्यायचं?"

सुनेत्राने आपलं उरलेलं एकुलतं यान उचललं आणि साहेबांच्या मोकळ्या राजधानीवर ठेवलं. डाव खलास.

साहेब तडकले. "हे आधी नाही सुचलं?"

"दर शुक्रवारी सुचायचं. पण एकदा नलावडे जिंकले आणि सोमवारी त्यांची गोदामावर बदली झाली."

"मग आज भीती नाही वाटली?"

"माझा राजीनामा सकाळपासून तुमच्या टेबलावर आहे, साहेब. पट त्याच्यावरच मांडलाय तुम्ही."