वैशाखातला माघ

"माघात म्हैस दहा शेर दूध देत होती, वैशाखात पाचच? मग माघ करा!" बासुंदीची वाटी अर्धीच भरलेली पाहून राजा हिंमतसेन गरजला.

लगेच दवंडी पिटली गेली : उद्यापासून माघ! दुसऱ्या दिवशी दरबारी घोंगड्या पांघरून, शेगडीभोवती घामाने निथळत बसले. "काय हा गारठा!" म्हणत प्रधानजींनी तर दातही वाजवले. देवाने अक्कल वाटली तेव्हा ही मंडळी चाळण घेऊन गेली असावी. माघात कुणी डुंबतं होय? म्हणून तळ्यावर पहारा बसला.

मैना म्हैस मात्र जीभ बाहेर काढून धापा टाकत राहिली. दूध पाचच शेर!

"राज्यभर माघ आणि गोठ्यात वैशाख? छे! दूध चोरीला जातंय!" राजाने धोंडिबा गवळ्याला बेड्या घालून दरबारात उभं केलं. "उद्या दहा शेर आलं नाही, तर हा हद्दपार!"

धोंडिबाची पोर ठकी धावत आली. बापाच्या हातातल्या बेड्या पाहून तिला रडू फुटलं. पण डोळे पुसून ती म्हणाली, "म्हाराज, म्हशीला हुकूम समजला न्हाई. तिच्याम्होरं तुमीच माघ करून दावा!"

"तो कसा?"

"भर दुपारी शाल पांघरून, शेगडी घेऊन गोठ्यात बसा. तिळाचे लाडू खावा. माघात किती खाता?"

"वीस!" राजा ऐटीत म्हणाला.

दुपारी वीस लाडू आले. पहिला पोटात गेला आणि आत जणू भट्टीच पेटली! दुसऱ्याला हात लावायच्या आत राजाने शाल फेकली, जीभ बाहेर काढली आणि धापा टाकत पळत जाऊन तळ्यात उडी मारली. मागोमाग मैनाही धपकन पाण्यात!

"आता देईल ना दहा शेर?" गळ्यापर्यंत बुडालेला राजा ओरडला.

"न्हाई म्हाराज. म्हशीला घाम थोडका. वैरण खाल्ली की पोटातनं आनखी तापते, म्हनून उन्हाळ्यात ती खातेच कमी. मग दूध कुठनं यायचं?"

"थापा! पाच शेर तुझ्या बापानेच चोरलं!"

"मग तुमचे एकोनीस लाडू कुनी चोरले?"

राजा इतका हसला की नाकात पाणी गेलं. "प्रधानजी, वैशाख परत आणा!"

"आणला, महाराज!" म्हणत प्रधानजींनी घोंगडीसकट तळ्यात उडी घेतली.

धोंडिबा सुटला, ठकीला सोन्याचं कडं मिळालं आणि दुपारचं तळं म्हशींच्या नावे झालं. राजाला त्यात एक कोपरा दिला.