आवरणाऱ्या पेशी

"मंग त्या आवरणाऱ्या पेशी अंगात नसल्या, तर काय होते?"

म्हाताऱ्या भिक्खुणीने, आर्या खेमांनी विचारले. विहाराच्या ओसरीवर त्यांच्यासमोर डॉ. प्रबोध गजघाटे बसले होते. नागपुरात मेडिकलच्या मुलांना शिकवणारे. त्यांचा चार महिन्यांचा अनिश नुकताच गेला होता.

"शरीर स्वतःवरच उलटतं, आर्याजी. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी प्रत्येकाच्या अंगात असतात. त्यातल्या काही आपल्याच अवयवांवर धावून जातात. नियामक टी पेशी त्यांना आवरतात, म्हणून आपण जगतो. अनिशमध्ये त्या नीट तयारच झाल्या नाहीत."

"मंग?"

"आधी आतडी गेली. मग कातडी. मग स्वादुपिंड."

डॉक्टर सावकाश बोलत होते. म्हातारीला काय कळणार, असे त्यांना वाटत असावे. पोटचा गोळा गेला तरी मुद्दे क्रमाने येत होते. ऐकवत मात्र नव्हते.

"लढणाऱ्या पेशी वाईट असतात का?"

"छे! त्या आपलं कामच करत असतात. फक्त थांबत नाहीत."



पुढ्यात जलदानाची वाटी होती, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. गेलेल्या लेकराच्या नावाने आईबाप दोघे मिळून तांब्याला हात लावतात आणि वाटी भरून ओसंडेपर्यंत पाणी ओततात. डॉक्टरांनी तांब्या एकट्यानेच उचलला.

"अनिशची माय?"

"सुचिता भंडाऱ्याला आहे. माहेरी."

"काऊन?"

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला आणि बॅगेतून घराण्याची आकृती काढलेला एक कागद काढला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. काळा केलेला चौकोन अनिशचा. सुचिताच्या गोलात मधोमध ठिपका. तिच्या आईच्या गोलातही तसाच.

"दोष आईकडून येतो. तिला स्वतःला काही होत नाही, मुलाला होतं. भेटायला आलेले लोक नजर लागली म्हणत होते, कोणी करणी म्हणत होतं. आपल्या घरात असलं बोलणं मला चालत नाही. सगळ्यांना बसवलं आणि हे काढून समजावलं."

"सुचिताबी तिथंच होती?"

"हो."

"मंग?"

"मग..." पहिल्यांदाच त्यांचा मुद्दा अडला. "माझी आई तिच्याशी बोलेनाशी झाली. बहीण तिला तोंडावर ठिपकेवाली म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला."

"तुम्ही काय म्हणाले?"

"काय म्हणणार? आकृती बरोबर आहे."

आर्याजींनी कागद निरखून पाहिला, नीट घडी घातली आणि परत केला. डॉक्टरांनी पुन्हा तांब्या उचलून कलता केला. तेवढ्यात म्हातारीने वाटीवर आपला पंजा ठेवला.

पाणी तिच्या हातावर पडले. बोटांवरून निथळून फरशीवर गेले. वाटी कोरडीच राहिली.

"हात काढा, आर्याजी."

त्यांनी काढला नाही. पाणी पडत राहिले.

"मी एक शब्द खोटा बोललो नाही!" डॉक्टरांचा आवाज फाटला. एवढा शिकलेला माणूस, पण त्या क्षणी त्याची फार कीव यावी असा दिसत होता.

"नाही बोलले."

"तिच्यावर हातसुद्धा उगारला नाही."

"नाही उगारला."

"मग माझं चुकलं काय?"



"लेकरू अंगावर पीत होतं?"

"हो... जाईपर्यंत. दुसरं काही पचतच नव्हतं त्याला."

"जाऊन किती दिवस झाले?"

"अकरा."

तांब्या रिकामा झाला होता. डॉक्टर तो अजून कलताच धरून होते.

"तिचा पान्हा आटला का, डॉक्टर?"