गौरीचा तेरडा

फार फार पूर्वी कोकणातल्या एका कातळावर देवीचे देऊळ होते. देवळामागे, जुन्या चाफ्याच्या शेजारी, खडकाच्या भेगेत एक तेरडा फुलला होता.

गौरी आणायच्या दिवशी गुरवांची अनसूया ओहोळ ओलांडून आली. तेरड्याला हळदकुंकू वाहून म्हणाली, "चल गं माये, माहेरी!"

चाफा कुजबुजला, "वेड्या, मुळे घट्ट धर! तुझ्या शेंगा अजून कोवळ्या आहेत. आता उपटला गेलास, तर वंश बुडालाच म्हणून समज."

"चाफेदादा, ज्या देवीने मला भेगेत रुजवले, तिला शेंगा पिकवणे का जड जाणार आहे?" असे म्हणून तेरड्याने मुळे सैल सोडली.

अनसूयेने त्याला रीतीप्रमाणे मुळांसकट पाटावर गौर म्हणून बसवले. मुळांतल्या ओलीवर शेंगा पूजेतच भरत गेल्या. विसर्जनाला तिने गौर ओहोळात सोडली मात्र, पाण्याच्या स्पर्शाने शेंगा तडतडल्या आणि बी काठांवर उधळले.

पुढच्या श्रावणात ओहोळाचे दोन्ही काठ गुलाबी झाले. चाफ्याने हाक मारली, "अरे, यांतला तू कोणता?"

काठभर हसू उमटले. "दादा, अनसूयाबाई हळदकुंकू घेऊन येतील ना, त्या ज्याला लावतील तो!"