तीन वाढपी, एक पान

सोमवारी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी चंद्रकला वाळलेली पोर काखेत मारून तालुक्याच्या कचेरीत घुसली. आत भूक हटवण्याची बैठक चालली होती आणि बैठक घेणाऱ्या तहसीलदार साहेबांपुढं बशीभर काजू होते.

रेशनकार्ड आणि पोरीचा आहार मिळावा म्हणून ती महिनाभर हेलपाटे घालत होती. रेशनवाले म्हणायचे, अंगणवाडीचा कागद आण. अंगणवाडीवाले दवाखान्याचा मागायचे. दवाखान्यातले म्हणायचे, आधी रेशनकार्ड दाखव. आज तिन्ही खात्यांचे अधिकारी एकाच टेबलाशी बसले होते.

साहेब खेकसले, “बाई, तीन खात्यांचा मेळ घालणं म्हणजे भाकरी थापणं नव्हे! तुला काय कळतंय त्यातलं?”

“पंगतीतलं कळतंय, साहेब. भात एक वाढतो, वरण दुसरा, भाजी तिसरा. पण वरणवाला कधी म्हणत नाही, आधी भातवाल्याची चिठ्ठी आण. पान कोरडं दिसलं की वाढतो.” तिनं अर्ज तिघांच्या मधोमध ठेवला. “हे माझ्या पोरीचं पान. वाढा!”

दारातला शिपाई फिस्सकन हसला. साहेबांनी काजू बाजूला सारले आणि तिघांकडून तिथल्या तिथं शिक्के मारून घेतले.

बायांनो, तुमच्या वस्तीत कुणाला असं फिरवत असतील, तर तिला एवढं सांगा, तिघं एकत्र बसतात त्याच दिवशी जा.