चौकटीच्या कोपऱ्यातली पाणीवाली

“ओरडून ओरडून घसा बसला, पण एकाही मेल्यानं माझं खरं मानलं नाही!” असं ती पाणीवाली अजून म्हणते. म्हणू दे. तिचा हक्कच आहे.

एका चित्रकथेच्या साप्ताहिकात एक गड होता. गडावर रणझुंजार नावाचा राजा. दर अंकात तो एक राक्षस मारायचा आणि शेवटच्या चौकटीत छाती फुगवून उभा राहायचा. मागे सरदार, शिपाई, घोडे. आणि अगदी कोपऱ्यात, घागर घेतलेली एक पाणीवाली. तिला नाव नव्हतं. नाक-डोळे काढायचेही कष्ट चित्रकारानं घेतले नव्हते. नुसती पाठमोरी, बोटभर बाई.

गडावर एक रीत होती. चित्र काढताना सगळ्यांनी तोंड वाचकांकडे करायचं. राजानं, सरदारांनी, घोड्यांनीसुद्धा. मागे बघायचं काम बुरुजावरच्या पहारेकऱ्याचं, हैबतरावाचं. पण त्यालाही मिशीला पीळ देऊन पुढेच बघायची हौस.

एकदा असंच चित्र चाललं होतं. पाणीवाली तेवढी पाठमोरी, म्हणून तिला गडामागच्या वस्तीत धूर दिसला. तिथं गवताची छपरं. घराघरांत झोळीत निजवलेली पोरं. आणि आयाबाया सगळ्या राजाचा जयजयकार करायला पुढे आलेल्या.

“अहो, वस्ती पेटली! मागं बघा!”

“गप गं,” ओठ न हलवता एक सरदार म्हणाला. “चित्र बिघडेल.”

“हैबतराव, तुम्ही तरी बघा! तुमचं कामच आहे ते!”

“तुला डोळे तरी काढलेत का? म्हणे धूर दिसला!” हैबतराव हसला. “धुकं असेल, बाई.” मान काही त्यानं वळवली नाही.

“मग बसा मिरवत!” असं म्हणून पाणीवालीनं चौकटीच्या रेघेवर पाय दिला आणि बाहेर उडी घेतली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. घागर ओतली, विहिरीवर धावली, पुन्हा ओतली. आग ऐकेना, तेव्हा घागर टाकून घरात शिरली. केस जळले, हात भाजले, पण झोळीतलं एकेक पोर बाहेर काढलं. घरं जळाली. पोरं वाचली.

अंक गावोगाव गेला. राजा मेलेल्या राक्षसावर पाय ठेवून उभा, पण त्याच्याकडे बघतंय कोण! पोरं चौकटीबाहेर पळणाऱ्या बाईवर बोट ठेवून विचारायची, “ही कोण?” कुणी तिला पेन्सिलीनं डोळे काढले, कुणी नाक. चित्रकार ओशाळला. पुढच्या अंकात त्यानं तिला चेहरा दिला. मग पोरांनी सुचवलेलं नाव दिलं, अंबू. बोटभर बाई वीतभर झाली आणि एक दिवस मुखपृष्ठावर आली. राजाही शहाणा निघाला. “बाई, तू पुढं हो,” म्हणत त्यानं आपण होऊन कोपरा धरला. आता अंगणात मुलं गड-गड खेळतात, तेव्हा अंबू व्हायला भांडणं लागतात आणि राजा व्हायला कुणी तयार होत नाही.

तात्पर्य: पुढची जागा अडवून कुणी मोठं होत नाही, कोपऱ्यातून जो दुसऱ्यासाठी धावतो, त्याला जग आपण होऊन पुढे आणतं. आणि तेवढ्या घरांची राख कुणामुळे झाली म्हणून विचाराल, तर ही गोष्ट सांगणारी मी आडपडदा न ठेवता नाव घेते: हैबतराव.